तीन दशांश

सोहारमध्ये गुरुवारी दुपारनंतर
मी कुणाला काही हलवू देत नाही.
शुक्रवारी हेड ऑफिसात फोन कुणी उचलत नाही
आणि शुक्रवारीच तर काउंटरसमोर रांग लागते:
बंदरावरचे, गॅरेजमधले, लिंबाच्या बागांतले,
मुठीत पगार, खिशात गावाकडचा खाते क्रमांक.

आमच्याकडे तीन घरं आहेत.
पहिल्यात, म्हणजे माझ्या मशीनवर, सगळं चालतं.
तिथं पाणीसुद्धा चढावर वाहतं.
दुसऱ्यात खोटी माणसं राहतात:
चाचणी एक, चाचणी दोन,
आणि कुणीतरी कंटाळून भरलेला बटाटा बिन कांदा.
हा बटाटा गेली सहा वर्षं दर महिन्याला
शंभर रियाल घरी पाठवतो.
त्याचा पगार कधी थकला नाही.
तिसऱ्यात मोजनू मिया राहतो.

तिसऱ्या घराची किल्ली माझ्याकडे असते. म्हणजे, अर्धी.
उरलेली अर्धी शम्सा बलुशीकडे.
दोघींनी हो म्हटल्याशिवाय दार उघडत नाही.
हा नियम मीच केला,
एकदा तोंड पोळल्यावर.

तेव्हाही ओळ एकच बदलली होती.
पुण्याहून आलेला चाचणीचा सगळा डेटा
रुपयाच्या सवयीचा, दोन दशांशांचा.
बटाट्याचे शंभर शंभरच राहिले.
हिरवी खूण, हिरवी, पुन्हा हिरवी.
करकचा कागदी पेला डाव्या हातात धरून
उजव्या हाताच्या एका बोटानं मी दार उघडलं.

इथल्या रियालचे बैसे हजार.
शेवटचा आकडा आम्ही कापत राहिलो,
नखासारखा, कुणाला न दुखता,
शुक्रवारी सकाळी आठ ते साडेअकरा.
कुणाचे चार बैसे, कुणाचे सात.

शम्सा तेव्हा काउंटरवर होती.
मोजनू मियानं पावती काचेखालून परत सरकवली,
मागच्या बाजूला पेन्सिलीनं केलेला स्वतःचा हिशेब.
रागावला नव्हता.
एवढंच विचारलं, आपा, नऊ कुठं गेले?

मागं फिरायचं ठरवलं तर वाट नव्हती.
जुनी प्रत मी पुसली होती,
जागा अडते म्हणून.
रात्रभर चौदाशे बारा पावत्या,
एकेक हातानं.
सगळं मिळून सात रियाल, त्रेसष्ट बैसे.
मॅनेजर कोयासाहेबांनी मागवलेला शावर्मा
आठ रियालचा झाला.

पुढच्या महिन्यात शम्साला मी माझ्या टेबलाजवळ आणलं.
तिनं दुसऱ्या घरात माणसं आणली:
ज्याला आडनावच नाही असा मणी,
एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेली एक नर्स,
सत्त्याऐंशी रियाल सहाशे एकोणचाळीस बैसे
तीन बहिणींत वाटणारा कुणी.
बटाट्याचं खातंही तिनं एकदा गोठवलं.
मला उगाच वाईट वाटलं.

आता परतीची वाट आधी लिहायची, मग जाण्याची.
आणि दुसऱ्या घरात जाऊन, परत येऊन दाखवायचं,
दोन्ही वेळा शम्सा घड्याळ लावते.

आज गुरुवार. पावणेपाच.
काचेवर दमटपणाचा थर, पलीकडे क्रेनचे दिवे पुसट.
नवा मुलगा, सुहृद, खुर्ची ओढून बसला.
म्हणाला, ताई, एकच तर ओळ आहे.
मी विचारलं, परत कसा येशील?
तो गडबडला. डिसेंबरमध्ये, म्हणाला,
तिकिटं उतरली तर. आईला अजून सांगितलं नाहीये.

मी हसले नाही.
शम्सानं स्क्रीनवरून मान वर केली,
आमच्या भाषेतलं तिला काही कळलं नसावं,
तरी खजुराचा डबा त्याच्याकडे सरकवला.

रविवारी सकाळी उघडू दार, दहा वाजता,
रांग नसताना.
बटण दाबण्याआधी मी पुटपुटते ते काय,
असं शम्सा मला नेहमी विचारते.
मंत्र नाही गं.
आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत.
येते म्हणतात.